कागदात न आलेला बचाव



पत्रिकेत ‘वकील कमी पडला, अपील करू का?’ असा विषय छापून आला आहे. पुढच्या दोन रांगा बारच्या मंडळींनी भरल्यात, त्या बहुधा त्यामुळेच. (हशा) रागावू नका. मीही तुमच्यातलाच, आयुष्यभर फौजदारीच केली. पण एक गोष्ट मला पक्की पटलेली आहे आणि ती सांगायलाच आलो आहे. वकिलाने खटल्यात जो बचाव मांडलाच नाही, तो अपिलाच्या पेपरबुकात, म्हणजे खटल्याच्या नोंदींच्या संचात, कुठेच दिसत नाही. म्हणून अपील ऐकणाऱ्या न्यायालयाने कागदाबाहेर पाहायला हवे.

वकील मिळण्याच्या हक्काबद्दल राज्यघटनेचे कलम २२, कलम ३९ अ, हुसैनआरा खातून खटल्याचा निकाल, हे सगळे तुम्ही जाणता. होस्कोट प्रकरणात १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला अपिलासाठी निकालाची प्रत आणि वकील फुकट मिळायला हवा असे ठरवून दिले, तेही सोडून देतो. वकील मिळाला. पुढे काय?

खंडव्याचा खटला घ्या. लहान मुलीवरील अत्याचार आणि खून, आरोप अत्यंत गंभीर. १९ फेब्रुवारी २०१३ ला आरोपीला न्यायालयाने वकील दिला आणि त्याच दिवशी दोषारोप निश्चित केले. ४ मार्चला निकाल लागला, फाशी. तेरा दिवसांत! कागदपत्रे वाचायला, तुरुंगात जाऊन आरोपीला भेटायला त्या वकिलाला कितीसा वेळ मिळाला असेल? डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निकाल न्यायमूर्ती उदय लळितांचा, ही शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील द्या आणि तयारीला साधारण सात दिवस तरी द्या, असेही बजावले. दुसऱ्यांदाही फाशी झाली. डीएनए तज्ज्ञाची साक्षच झाली नव्हती म्हणून उच्च न्यायालयाने तो खटला पुन्हा खाली पाठवला. मार्च २०२४ मध्ये खंडव्याच्याच न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. अकरा वर्षे गेली हो!

अमेरिकेत यासाठी स्वतंत्र कसोटी आहे, १९८४ च्या स्ट्रिकलंड निकालाची. वकिलाचे काम वाजवी दर्जाचे नव्हते, आणि ते तसे असते तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता होती, अशा दोन्ही गोष्टी आरोपीनेच दाखवायच्या. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी तेव्हाच विरोधी मत नोंदवले होते. वकिलाच्या नाकर्तेपणामुळेच पुरावा नोंदीत आलेला नसतो, मग नुकसान झाले हे आरोपी दाखवणार कशावरून? माझे आजचे सगळे व्याख्यान त्यांच्या या प्रश्नात आहे.

आपल्याकडे तेवढीही ठरीव कसोटी नाही. दिल्लीच्या टॅक्सीतील बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले, की वकील बदलला, आधीचा कमी पडला, एवढ्यावर साक्षीदार पुन्हा बोलावता येणार नाहीत. पीडितेला पुन्हा पिंजऱ्यात उभे करू नये, हे मलाही शंभर टक्के मान्य आहे. पण पंचाला, तपास अधिकाऱ्याला, डॉक्टरला बोलवायला काय हरकत आहे?

आता एक प्रकरण सांगतो, गाव सांगत नाही. खुनाचा खटला, जन्मठेप झालेली, अपील माझ्याकडे आले. पेपरबुकात पंचाची जबानी होती: रात्री आठला आरोपीच्या घरात बल्बच्या उजेडात रक्ताचा शर्ट मिळाला. खाली एक ओळ, ‘उलटतपास नाही’. तुरुंगात जाऊन त्या माणसाला वाचून दाखवले. तो म्हणाला, “साहेब, बल्ब कुठला? आमच्या वस्तीची डीपी जळाली होती, पंधरा दिवस काळोख होता.” मी विचारले, “हे वकिलांना सांगितलं नाहीस?” तर म्हणे, “ते भेटलेच नाहीत. कोर्टात लांबून दिसायचे.” मी वीज कंपनीचा दाखला काढला. उजेडच नसेल तर तो पंचनामा झाला कधी, कुठे बसून लिहिला? अपिलात जादा पुरावा घेता येतो, तेव्हाचे कलम ३९१, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३२. अर्ज केला. उत्तर आले, हा बचाव खालच्या न्यायालयात घ्यायला हवा होता. अर्ज फेटाळला. दाखला माझ्या हातात होता आणि तो वाचायला कोणी तयार नव्हते. त्या वस्तीतली माणसे पुढे मला येऊन भेटली, त्यांनी सांगितले की त्या रात्री…

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे. बरे, ते राहू द्या.

मागून कोणी म्हणाले, की असे दार उघडले तर प्रत्येक कैदी वकिलावरच खापर फोडेल. फोडू द्या ना! वकील किती वेळा भेटला, हे तुरुंगाच्या भेटीच्या नोंदवहीतून कळते. कोणाला उलटतपासले नाही, हे जबानीवरून कळते. खोटी तक्रार ओळखायला तेवढे पुरते. सगळे वकील वाईट असे मी म्हणत नाही. विधी सेवेच्या पॅनेलवर तुटपुंज्या फीमध्ये जीव ओतणारे तरुण मी पाहिले आहेत, आणि त्यांची ढाल याच नोंदी आहेत. माझी मागणी एवढीच: गंभीर गुन्ह्यातल्या प्रत्येक अपिलासोबत या भेटींची नोंद आपोआप यावी, आणि ती कोरी असेल तर जादा पुराव्याचा अर्ज ऐकणे न्यायालयावर बंधनकारक व्हावे.

वेळ संपली. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ तसे सांगते. तुमच्या ओळखीतले कोणी आत असेल तर वकिलाला आजच विचारा, तुम्ही त्याला कधी भेटलात? उत्तर मिळाले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दुसरा वकील लेखी मागा, आणि ते खटला चालू असतानाच मागा.