वाढत्या वयाचें रक्त

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर वाहनांची दाटी असते. वेगानें आलेलें वाहन तेथें प्रथम मंदावतें, मग थांबतें आणि शेवटीं एखाद्या गल्लींत शिरतें. रक्तांतील पांढऱ्या पेशींचा प्रवासहि असाच आहे. शरीरांत कोठें जंतुसंसर्ग झाला, कीं तेथील रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नांवाचे रेणू प्रकट होतात व पेशीची गति मंद करितात. आयकॅम व व्हीकॅम हे रेणू तिला घट्ट धरितात. मग ती भिंतींतून बाहेर पडून रोगस्थानीं पोंचते.

हें धरणें साधलें नाहीं तर काय होतें, याचें एक उदाहरण मुंबईच्या नांवाशीं निगडित आहे. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५२ सालीं मुंबईंत एक दुर्मिळ रक्तगट प्रसिद्धीस आणिला. तो बाँबे रक्तगट म्हणून ओळखला जातो. पुढें १९९२ सालीं इस्रायलमधील दोन मुलांत हाच गट आढळला. परंतु त्यांना वारंवार जंतुसंसर्गहि होत असे. त्यांच्या पेशींवर फ्युकोज ही शर्करा नव्हती. त्यामुळें सिलेक्टिनला पेशी पकडतां येत नव्हती. बाँबे गटाच्या इतर निरोगी माणसांत मात्र हा दोष नसतो.

या रेणूंचे कांहीं अंश अस्तरावरून सुटून रक्तद्रवांत मिसळतात व प्रयोगशाळेंत मोजतां येतात. दाह वाढला, कीं हे आंकडे चढतात. परंतु चढलेला आंकडा म्हणजे रोगच, असें नव्हे. ई-सिलेक्टिनचें प्रमाण निरोगी अर्भकांतहि प्रौढांहून बरेंच अधिक असतें आणि बालपणांत तें हळूहळू उतरत जातें. प्रत्येक रेणूचा क्रम मात्र एकसारखा नसतो.

या चांचण्या अद्याप मुख्यत्वें संशोधनापुरत्या आहेत; तरीहि त्यांतील धोका ध्यानांत घेण्याजोगा आहे. यंत्रमागावर राबणाऱ्या एखाद्या कामगाराच्या तान्ह्या मुलाचें रक्त बापाच्या वयाच्या मापानें मोजलें, तर धडधाकट मूल आजारी ठरेल. उलट, मोठ्या मुलाचा खरा दाह अर्भकाच्या मापांत लपून जाईल. म्हणून निरोगी मुलांचीं वयवार प्रमाणें आधीं ठरविणें अगत्याचें आहे. तें काम सोपें नाहीं. कारण आजार नसतां मुलाच्या दंडांत सुई टोंचण्यास कोणते आईबाप सहज संमति देतील? ज्यांनीं ती दिली, त्यांच्या मुलांच्या थोड्याशा रक्तावरच दुसऱ्या आजारी मुलांचें अचूक निदान अवलंबून असतें.