सौरवादळाचा निरोप आणि आपल्या बोटी

"आज रात्री सौरवादळ येणार, मोबाईल उशाशी ठेवू नका," असा निरोप अधूनमधून गटाच्या व्हॉट्सॲपवर फिरतो. त्यात खरं किती, ते आज बघू.

सूर्यावर स्फोट होतात, हे खरं. तिथल्या काळ्या डागांजवळ चुंबकीय शक्ती पीळ भरलेल्या दोरीसारखी ताणली जाते. ती एकदम सुटली की सौरज्वाला भडकते. तिचा प्रकाश आठ मिनिटांत इथे पोहोचतो. कधी कधी सोबत तापलेल्या वायूचा लोट सुटतो. त्याला साधारण एक ते तीन दिवस लागतात.

ज्वालेचे बरेचसे अतिनील किरण वरच्या हवेतला ओझोन अडवतो. म्हणून तर आपण सुखरूप आहोत. पण त्यामुळेच जमिनीवरच्या दुर्बिणीला ते दिसत नाहीत, दुर्बीण वरच न्यावी लागते. आपलं 'आदित्य एल-१' यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचलं. तिथे रात्र नाही, ढग नाहीत. आपल्याकडे आषाढात सूर्य दिसायची मारामार! यानावरची 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली, याचा मला फार अभिमान वाटतो. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी तिने एक मोठी ज्वाला टिपली. सूर्याचा खालचा थर उजळला, तेव्हाच वरच्या थराचं तापमानही चढलं, हे त्यातून दिसलं.

वायूचा लोट आधी यानाला गाठतो, मग पृथ्वीला. म्हणजे अर्धा-एक तास आधी चाहूल लागू शकते.

मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं. लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल दिसलं. जमिनीवरच्या माणसांना मात्र काही झालं नाही. हवा आणि पृथ्वीचं चुंबकत्व आपल्याला सांभाळतं. तेव्हा उशाजवळच्या मोबाईलचं भय सोडा.

जपायचं ते बोटीवर. उपग्रहाचा संदेश वरच्या हवेतून येतो. ती ढवळली की जीपीएस जागा थोडी चुकीची दाखवू शकतं, आणि रात्री खडकांजवळून बंदरात शिरताना थोडंही पुष्कळ असतं. मिरकरवाड्याला ज्यांच्या घरचे बोटीवर जातात, त्यांनी तांडेलाला एवढं विचारा: होकायंत्र चालू आहे ना, की जाळ्यांखाली पडलंय?