नाण्याचं दार
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. मी लोखंडाच्या एका दारावर बोलणार आहे. ते तिकडे हजेरीच्या टेबलावर, चादरीखाली ठेवलंय. कोणी आत्ताच उघडू नका.

शाळेच्या मागच्या गल्लीतलं व्हिडिओ गेम पार्लर मुलांना आठवत असेलच. सरांनाही आठवत असेल, कारण कितीतरी पोट्टे त्यांनी तिथूनच कान धरून आणले. आम्हा मुलींना मात्र आत जायची सोय नव्हती. तसा नियम कोणी केलेला नव्हता, पण जायचं नाही हे माहीत होतं. माझा भाऊ आत खेळायचा आणि मी समोरच्या सायकलच्या दुकानापाशी दोघांची दप्तरं सांभाळत उभी राहायची. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा एक गेम, नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. आपल्याकडे त्याला सगळे ‘मुस्तफा’च म्हणायचे, त्यातल्या एका खेळाडूच्या नावावरून. मी तो कधी पाहिला नाही, पण आवाज सगळा पाठ होता.

दोन वर्षांपूर्वी वर्ध्याला आले तेव्हा आपल्याच एका वर्गमित्राचा फोन आला : पार्लरमधलं एक खोकं कबाडीवाल्याकडे पडलंय, पाहतेस का? प्लायवूड वाळवीनं खाल्लं होतं, पिक्चर ट्यूब फुटलेली. धड उरलं होतं ते फक्त नाणं टाकायचं दार, चौकटीसकट. जाड पत्रा, वर ऑइल पेंटचे दोन हात. मी तेवढंच घेतलं.

आत नाणं पारखायची यंत्रणा होती, अमेरिकन पाव डॉलरच्या नाण्यासाठी बनवलेली. ते नाणं २४.२६ मिलिमीटरचं. आपला तेव्हाचा, १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा होता, म्हणजे तो त्या वाटेनं जाणारच नाही. घासून वाट मोठी केली तरी पुढे एक लोहचुंबक बसवलेलं असतं, खोटी लोखंडी चकती अडवायला. आणि आपला तो रुपया चुंबकाला चिकटतो! त्या यंत्राच्या लेखी आपलं खरं नाणंच खोटं. म्हणून पार्लरवाले काका रुपया हातात घ्यायचे, दार किल्लीनं उघडायचे आणि आतला छोटा स्विच बोटानं दाबायचे. नाणं पडताना जी तार दबते, तेच काम काकांचं बोट करायचं. मशीनला काय, एक डाव जमा झाला एवढंच कळतं.

आता रंगकाम. सगळे भाग सुटे केले, फोटो काढून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवले. रॉकेल मिळेना, म्हणून थिनरनं तेलकटपणा काढला. मग अंगणात, हातमोजे घालून, ब्रशनं पेंट रिमूव्हर लावला. पंधरा मिनिटांत रंगाला फोड येतात, मग पातं धरून खरवडायचं. पुढे गंजासाठी ८० नंबरचा पॉलिश पेपर घेतला, पाणी लावून, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि धूळ नाकात जायला नको. ओला पत्रा लगेच पुसून वाळवायचा, नाहीतर चहा होईपर्यंत त्यावर नवा गंज येतो. ठरवलं होतं असं की पुढे पावडर कोटिंग करायचं, मुळात होतं तसं काळं, खरखरीत. आपल्याकडे लोखंडी कपाटं बनवणारे ते करून देतात. पावडर विजेच्या भारानं पत्र्याला चिकटते आणि भट्टीत साधारण दोनशे अंशांना वितळून बसते. त्या उष्णतेत साधी पुट्टी टिकत नाही, म्हणून चौकटीतले पोचे लाकडी हातोडीनंच काढले.

दार मात्र अर्धं घासून झाल्यावर पत्र्यावर बारीक रेघा दिसल्या. आधी वाटलं माझ्याच पेपरचे ओरखडे. मग त्यातला एक २१ निघाला, शेजारी ९. कर्कटकानं कोरलेले हजेरी क्रमांक! भावाला फोन केला तेव्हा उलगडा झाला. लाइन गेली की मशीनमधला उच्चांक पुसला जायचा. मग भांडणं : काल जास्त कोणाचे होते? म्हणून जिंकणारा आपला नंबर दारावर कोरायचा. काकांनी चिडून वरून दोनदा रंग मारला.

मी त्या दिवशी पॉलिश पेपर खाली ठेवला. पण वरच्या भागातले तीन-चार आकडे तोवर माझ्या हातून गेले होते. कोणाचे होते ते आता कळणार नाही. ज्याचे असतील त्यानं माफ करावं.

कपाटवाले दादा म्हणाले, “मॅडम, कोटिंगमधे हे सारं बुजून जाईन.” मग चौकट आणि नाणं परत येतं ती वाटी तेवढी त्यांच्याकडून काळी करून घेतली. दाराला रंग दिलाच नाही. गंज हातानं, अगदी बारीक पेपरनं, रेघांच्या बाजूबाजूनं काढला आणि पारदर्शक लॅकरचे तीन पातळ हात दिले. पहिला प्रयत्न श्रावणात केला तेव्हा दमट हवेनं सगळं पांढुरकं झालं. पुन्हा काढून दिवाळीनंतर कोरड्या हवेत मारलं. जाणकार म्हणतील की असं दार फार वर्षं टिकत नाही, गंज आतून येईल. येईल. तेव्हा परत करीन.

खाली उजव्या कोपऱ्यात ३७ आहे, एकदा नव्हे, पाच वेळा. ३७ नंबर कोणाचा, हे या मांडवात सांगावं लागणार नाही. तो आज आपल्यात नाही. त्याची आई आज आली आहे, पहिल्या रांगेत बसली आहे. काकू, चादर तुम्हीच काढा.

बाकीच्यांनी जेवणाआधी आपापले नंबर शोधा आणि शेजारच्या वहीत नावासमोर लिहा. माझा त्यात नाही. आतला स्विच मात्र मी बदललाय, तो चालतो. किल्ली माझ्याकडे आहे.