तांबड्या वाइनची पारख

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट तालुक्यांत अल्लीपूर हें गांव आहे. भोंवतालचा मुलूख कापसाचा. एकोणिसाव्या शतकांत हिंगणघाटचा कापूस दूर लिव्हरपूलच्या बाजारांत नांवानें ओळखला जात असे. परंतु केवळ नांव कानीं आलें म्हणून जाणत्या व्यापाऱ्यानें कधीं थैली सोडली नाहीं. कापसाची चिमूट घ्यावी, बोटांनीं ओढून धाग्याची लांबी पाहावी, आणि मगच भाव बोलावा, ही त्याची रीत. नांवाला मान द्यावा, पण पैसा मालाचा द्यावा, हें तत्त्व द्राक्षांच्या तांबड्या वाइनसारख्या अगदीं निराळ्या जिनसालाहि कसें लागू पडतें, हें पाहण्यासारखें आहे.

वर्धा जिल्ह्यांत सुमारें अर्ध्या शतकापासून दारूबंदी आहे. तेव्हां अल्लीपुरांत या जिनसाची विक्री नाहीं, आणि गांवीं जातांना पेटींतून बाटली नेणेंहि कायद्याला धरून होणार नाहीं. पण गांवाहून नोकरीनिमित्त पुण्यास किंवा मुंबईस जाऊन राहिलेला एखादा गृहस्थ तेथील दुकानांत उभा आहे अशी कल्पना करावी. फळीवर तांबड्या वाइनच्या बाटल्या ओळीनें मांडलेल्या आहेत, आणि एकीची किंमत दुसरीच्या चौपट आहे. महाग तें चांगलें असें मानावें, तर महिनाअखेरचा हिशेब बिघडतो. सर्वांत स्वस्त तें उचलावें, तर घरीं आलेल्या पाहुण्यापुढें ओशाळें व्हावें लागतें. अशा मध्यम प्राप्तीच्या गृहस्थानें निवड कशी करावी?

बाटलीच्या किंमतींत कशाकशाचें मोल भरलेलें असतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. तांबडी वाइन काळ्या द्राक्षांपासून होते. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस फिकटच असतो. रंग आणि तुरटपणा सालींतून उतरतो. म्हणून रस सालींसकट आंबवितात. साली किती दिवस ठेवाव्या, ऊब कितपत असूं द्यावी, गाळावें केव्हां, यांतच करणाऱ्याचें कसब आहे. भारी वाइनसाठीं पुष्कळदां वेलीवर घड कमी ठेवतात. पीक घटतें, हा पहिला जादा खर्च. दुसरा ओक लाकडाच्या पिंपाचा. २२५ लिटरच्या एका पिंपांतून ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्या भरतात. नवें पिंप ६०,००० रुपयांस पडलें असें धरलें, तर बाटलीमागें २०० रुपये नुसत्या लाकडाचे झाले. तिसरा खर्च काळाचा. माल वर्ष-दीड वर्ष तळघरांत पडून राहतो आणि तितके दिवस भांडवल अडकतें. चौथें मोल नांवाचें, आणि त्याला मात्र हिशेब नाहीं.

नांवाचें माहात्म्य जुनेंच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्याला ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ अशीं त्याच्या देशावरून पडलेलीं नांवें आढळतात. फ्रान्समध्यें १८५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त बोर्दो प्रांतांतील तांबड्या वाइनच्या घराण्यांची पांच श्रेणींत वांटणी झाली, ती त्या काळच्या बाजारभावावरून. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं, १९७३ सालीं, मूतों रोतशिल्ड हें घराणें दुसऱ्या श्रेणींतून पहिल्या श्रेणींत चढलें. असें भाग्य दुसऱ्या कोणाच्या वांट्यास आलें नाहीं. भावानें श्रेणी ठरली आणि पुढें श्रेणीनें भाव ठरूं लागला. या चक्रांत सामान्य ग्राहकानें सांपडूं नये.

त्याच्यासाठीं वाट अशी, कीं नांवाजलेल्या कारागिराची साधी बाटली घ्यावी. फ्रान्सच्या ऱ्होन नदीकांठीं आंप्वी गांवीं १९४६ सालीं स्थापन झालेलें गिगाल हें घराणें आहे. त्याच्या एकेका मळ्याच्या वेगळ्या वाइनला फार मोठी किंमत पडते; परंतु ‘कोत द्यु ऱ्होन’ या नांवाची त्याचीच साधी तांबडी वाइन त्या मानानें अल्प मोलांत मिळते. चांगल्या कारागिराला आपल्या नांवाची लाज असते. स्वच्छतेची शिस्त आणि चव पाहणारी जीभ तीच असते. साध्या बाटलींत बहुधा पिंपाचा आणि काळाचा खर्च तेवढा वगळलेला असतो.

महाराष्ट्रांतहि आतां ही निवड शक्य आहे. राज्य सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया-उद्योगाचें धोरण आखलें. त्याच सुमारास नाशिकला राजीव सामंत यांनीं उभारलेल्या ‘सुला’ची वाइन बाजारांत आली. तिच्या ‘रासा’ या भारी बाटलीच्या खालच्या पायरीवर ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ आहे. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजजवळ ‘फ्रातेल्ली’ची उभारणी झाली, तेव्हां इटलींतील तस्कनी प्रांताचे कारागीर पिएरो मासी यांचें मार्गदर्शन तिला लाभलें. ‘सेत्ते’ ही तिची मानाची बाटली. पण त्याच घराच्या साध्या तांबड्या वाइनपासून आरंभ करण्यांत शहाणपण आहे. निफाडची ‘रेव्हेलो’हि याच दृष्टीनें पाहावी.

दुकानांत आणखी दोन गोष्टी पाहाव्या. पहिली, पिकाचें साल. युरोपांत द्राक्षें बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरांत उतरतात, तर नाशिककडे जानेवारी ते मार्च या काळांत. साधी तांबडी वाइन जुनी होऊन सुधारत नाहीं. पिकापासून दोन-तीन वर्षांच्या आंत संपविलेली बरी. दुसरी गोष्ट जागेची. उन्हांत किंवा प्रखर दिव्याखालीं महिनोन्महिने उभी असलेली बाटली, सवलतींत मिळाली तरी, घेऊं नये. घरींहि एक सावधगिरी हवी. तांबडी वाइन ‘खोलीच्या तपमानाला’ द्यावी, हा नियम थंड देशांतला. तेथील खोली म्हणजे १६ ते १८ अंश. विदर्भांतली किंवा पुण्याची उन्हाळ्यांतली खोली नव्हे. म्हणून बाटली अर्धा तास शीतकपाटांत ठेवावी. उरलेली वाइन बूच घट्ट बसवून तेथेंच ठेवली, तर दोन-तीन दिवस टिकते.

वाइन औषधी आहे, या समजुतीवर विसंबून मात्र कोणी पेला भरूं नये. मद्याचें कोणतेंहि प्रमाण पूर्णपणें निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट केलें आहे. जो पीत नाहीं, त्यानें आरंभ करण्याचें कारण नाहीं. जो घेतो, त्यानें एक बाटली चौघांत वांटून, जेवणाबरोबर, सावकाश घ्यावी. आणि बाटलीचें नांव, साल, किंमत व चव कशी वाटली, हें एका वहींत टिपून ठेवावें. अशा दहा-बारा नोंदी झाल्या, कीं दुकानदाराच्या शिफारशीची गरज उरत नाहीं. कोणत्या कारागिराचा हात आपल्या जिभेस रुचतो आणि त्यासाठीं किती खर्च करणें आपल्या घरास शोभतें, हें ती वहीच सांगूं लागते.