इंडेक्स टूवर नाव कुणाचं?



संयोजकांनी मला 'एआय'वर बोलायला सांगितलं होतं. ते तुम्हाला व्हॉट्सॲपवर रोज मिळतंच. मी बोलणार आहे नवरा-बायकोच्या पैशांच्या लेखी व्यवहारावर. द्रुतगती मार्ग झाल्यापासून शिरगाव, सोमाटणे, तळेगाव पट्ट्यात फ्लॅट उभे राहिले आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी दोन पगारांवर एक कर्ज चालू आहे.

गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा अजून चालतो. तिथे लग्नाआधी मालमत्तेचा करार करता येतो. केला नाही, तर मालमत्ता सहसा दोघांची सामाईक धरतात. आपल्याकडे तसं नाही. लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या फ्लॅटला बायकोचं नाव लागत नाही. आणि 'पुढे पोटगी मागणार नाही' असं लग्नाआधी लिहून घेतलं, तरी ते कोर्टात सहसा टिकत नाही.

मग उरतो तो घराचा नोंदणीकृत दस्त. माझी एक सहकारी अकरा वर्षं निम्मा हप्ता भरत होती. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा तिने इंडेक्स टू काढला. त्यावर एकच नाव, नवऱ्याचं! ती फक्त सहकर्जदार होती. म्हणजे फेडायची जबाबदारी आहे, मालकी नाही. आता ती अकरा वर्षांची बँक स्टेटमेंट गोळा करतेय. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून नाव असलं, तरी त्यानेही मालकी मिळत नाही.

म्हणून खरेदी करतानाच दोघांची नावं आणि कुणाचा किती हिस्सा, हे दस्तात लिहून घ्या. घर आधीच एकाच्या नावावर असेल, तर बक्षीसपत्र करता येतं. राहतं घर किंवा शेतजमीन जोडीदाराला दिली, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे; स्थानिक अधिभार वेगळा. कर्ज चालू असेल तर आधी बँकेला विचारा. बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही, त्यामुळे सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

'नवरा-बायकोत कसले कागद?' असं कुणी म्हणेल. सख्ख्या भावांत बांधासाठी आपण सरकारी मोजणी आणतोच ना! शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. त्यांचे संसार काही कागदामुळे मोडले नाहीत.

जेवणानंतर मी इथेच बसणार आहे. ज्यांच्याकडे दस्त क्रमांक असेल, त्यांना नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू कसा शोधायचा ते दाखवते. बाई, तुम्हीसुद्धा या.