कोशातली वेठ

इंग्रजी 'वर्क'ला स्लोव्हाक भाषेत 'प्रात्सा' म्हणतात आणि हाडे मोडणाऱ्या कष्टांना 'द्रिना'. 'द्रिना'मागच्या क्रियापदाचा अर्थ घासणे, खरचटणे असाही आहे. आपले 'अंग झिजवणे' इथे चपखल बसते. 'रोबोता'ला मात्र नुसते 'वर्क' म्हणून भागत नाही. जमीनदाराच्या शेतावर कुळाने फुकट राबायचे, ती रोबोता. आपली वेठच ती! स्लोव्हाक मुलूख तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता. तिथे ती १८४८मध्ये कायद्याने उठली. शब्द राहिला. चेक भाषेतही तो होताच. त्यावरून चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२०च्या नाटकात 'रोबोट' आणला. सुचवला होता भाऊ योसेफने. नाटकातले रोबोट पुढे बंड करतात. इंग्रजीने शब्द घेतला, त्यातली वेठ घेतली नाही. स्लोव्हाक माणूस आजही बोलताना रोजच्या नोकरीला 'रोबोता' म्हणतो.