गोड्या पाण्यातला जिताडा

औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इथे तळ्यातला मासा म्हणजे रोहू नाहीतर कटला. पण रायगडच्या खाजणांत आणि गावतळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवला जाणारा जिताडा समुद्राचा असूनही गोड्या पाण्यात चांगला पोसतो!

 

जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. गोड्या पाण्यात तो अंडी घालत नाही, म्हणून मत्स्यबीज किनाऱ्यावरूनच आणावं लागतं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचं प्रजनन साधलं, ही फार मोलाची कामगिरी.

खरी मेहनत पिल्लांच्या प्रतवारीत. आकारानुसार वेळेवर वेगळी केली नाहीत, तर थोरलं पिल्लू धाकट्या भावंडाला शेपटीसकट गिळतं.